चांगामामाचा राजीनामा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि माझ्या हातून आजवर लिहून झालं ते बहुतेक अर्ज, निवेदनं आणि परीक्षेचे पेपर. त्यातलाही एक कागद असा निघाला की तेव्हापासून कोऱ्या पानासमोर बसलं की हात आखडतो. मराठीच्या बाईंनी कॉलेजच्या वार्षिकासाठी "आठवणीतलं काहीतरी दे" म्हणून सांगितलं, तेव्हा दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण गेल्या मंगळवारी एक गोष्ट कानावर आली आणि ती ऐकल्यापासून अभ्यासात लक्ष नाही. मोठी माणसं मोठ्या माणसांवर लिहितात. मी घासलेटवाल्यांच्या एका अध्यक्षावर लिहितोय. ज्यांना हा विषय वार्षिकात शोभत नाही असं वाटेल त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

मार्च आला की आमच्या सारसोळ्यात वारा फिरतो. सकाळी तो डोंगराकडून येतो, कोरडा आणि धुळीचा. दुपारी एकदम खाडीकडून सुटतो आणि ओठांवर मीठ ठेवून जातो. मी लहान होतो तेव्हा याच दिवसांत मिठागरांवर मीठ ओढायचं काम जोरात असायचं. बाबा गुडघ्यापर्यंत त्या पाण्यात उभे राहायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पिंढऱ्यांवर पांढरी नक्षी उमटलेली असायची, आणि आई म्हणायची, "बाहेरच पाय धुवा, जमिनीला मीठ नको." आता मिठागरं नाहीत. तिथे सेक्टर आहेत. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर आहेत, आणि घरी येतात तेव्हा अंगाला असा वास असतो की तो पाय धुऊन जात नाही.

माझ्यासाठी परीक्षेचे दिवस म्हणजे तरीही मीठ आणि घासलेट. पुस्तकाची पानं दमट होऊन सुरळी होतात, वर दगड ठेवावा लागतो. आणि घासलेट कारण मी अभ्यास चांगामामाच्या पडवीत करायचो. आमच्या घरात तीन लहान भावंडं होती. मामाच्या पडवीत पिंपं होती, आणि पिंपांना पाठ टेकून बसलं की पाठीला गारवा लागायचा. सकाळी सहाला मी इतिहासाचं पुस्तक घेऊन तिथे जायचो. मामी चहाचा पेला पिंपावरच ठेवायची आणि म्हणायची, "पी, घासलेटची चव लागली तर सांग, मामाला दाखवते." लागायची. मी कधी सांगितलं नाही.

चांगामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. तोही मिठागरावरचाच. मिठागर गेलं तेव्हा गावातल्या कुणी रिक्षा घेतली, कुणी चाळ बांधून भाडेकरू ठेवले, कुणी कंपनीच्या गेटवर लागलं. मामाने हातगाडी घेतली, दोन डबे, एक पितळी घंटा आणि घासलेट विकायचा परवाना. सारसोळं, करावं, दारावं, शिरवणं असा त्याचा फेरा. नंतर नेरूळला बिल्डिंगी उठल्या तशी तो तिकडेही गाडी न्यायला लागला. बिल्डिंगीत देशावरची माणसं. ती रॉकेल म्हणतात. मामा गावात शिरला की "घासलेऽऽट" असा ओरडायचा, आणि बिल्डिंगीखाली पोचला की "रॉकेऽऽल". मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "माल येकच हाय रं. ज्याला ज्या नावानं आग लागल त्या नावानं इकाचा."

एका वस्तूला दोन शब्द असतात हे मामाला न शिकता ठाऊक होतं. एका शब्दाला दोन अर्थ असतात हे मला शिकूनही ठाऊक नव्हतं.

त्याची एक पद्धत होती. लिटरचं माप गिऱ्हाइकाच्या डब्यात ओतलं की तो ते लगेच उचलत नसे. उपडं धरून मोठ्याने मोजायचा, "येक, दोन, तीन." तेवढ्यात कडेचे थेंब डब्यात उतरायचे. बिल्डिंगीतल्या मुली गॅलरीतून त्याची नक्कल करायच्या. बाकीचे घासलेटवाले चिडायचे, कारण गिऱ्हाइकं त्यांनाही तीनपर्यंत मोजायला लावायची. "चांगादादा, तुझ्या या तीन मोजण्यापायी आमचे हात भरून येतात," असं शिरवण्याचे हिराशेट म्हणायचे. तेही घासलेटच विकायचे. पण हसत म्हणायचे. तेव्हा सगळेच हसत बोलायचे.

संघ निघाला तो पिंपांमुळे. एजंटकडून, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याकडून, पिंप यायचं ते भरलेलं म्हणून यायचं आणि आत चार बोटं कमी असायचं. एकेकट्याने विचारलं की एजंटचा माणूस म्हणायचा, "उन्हाने उडतं." पावसाळ्यातही उडायचं. मामाने एक बांबूची काठी घेतली, भरल्या पिंपाच्या मापाने तिला खाचा पाडल्या, आणि प्रत्येक पिंपात ती बुडवून बघायला सुरुवात केली. पुढे सगळ्या गावांच्या घासलेटवाल्यांना जेट्टीवर बोलावलं. मी तेव्हा नववीत होतो. जाळी वाळत घातलेली, त्यांच्यामध्ये तीस-चाळीस माणसं बसलेली, आणि मामा ती काठी हातात धरून उभा. भाषण म्हणून तो एवढंच बोलला: "आपुन येकेकटं गेलो तर चोर, आनि मिलून गेलो तर संघ."

अध्यक्ष त्यालाच केलं. दुसरी इयत्ता शिकलेला माणूस, सही करता येई, वाचता येत नसे. लेटरहेड छापलं तेव्हा त्यावर स्वतःचं नाव कुठे आहे ते त्याने मला विचारलं, आणि मग बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून बसला.

ती काठी घेऊन मामा शिधावाटपाच्या कचेरीत गेला. तिथून ठाण्याला गेला, आणि पुढे मंत्रालयातही. शिपायाने दारात अडवलं, "काठी बाहेर ठेवा." मामा म्हणाला, "ही काठी न्हाय बाबा, हा आमचा हिशेबनीस हाय. त्याला आत घेतलाच पायजे." ही गोष्ट त्याने मला किमान दहा वेळा सांगितली असेल आणि दरवेळी शिपाई जरा जास्त उंच व्हायचा. पण काम झालं होतं. त्या वर्षी आमच्या गावांचा कोटा वाढला, आणि पिंपं दोन वर्षं काठोकाठ आली. मग पुण्याला राज्याच्या मोठ्या संघटनेची सभा होती, त्याला बोलावणं आलं. पेट्रोलपंपवाले, गॅसवाले, कोळशाच्या वखारवाले असे सगळे एका मांडवाखाली. मामाला स्टेजवर बसवलं. परत आला तेव्हा आई म्हणाली, "काय रे दादा, मोठा झालास म्हनं?" मामा म्हणाला, "पेट्रोलवाल्याला लागून बसलो व्हतो गो. पन त्यानं रुमाल नाकालाच धरलेला." दोघं भावंडं हसत बसली होती. पुढच्या मे महिन्यात राज्याच्या कार्यकारिणीत त्याला घ्यायचं असं त्या सभेत ठरलं होतं. खाडीकाठचा पहिलाच माणूस. आईने ही बातमी पाणवठ्यापासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती.

मी हे सगळं लिहितोय आणि समोर हॉलतिकीट पडलेलं आहे. यंदा शेवटचं वर्ष. बाई म्हणतात ललित लेखात माणसाने मोकळं सुटावं. मला सुटता येत नाही, मी त्याच एका दुपारकडे ओढला जातो.

ती माझी अकरावीची, म्हणजे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाची परीक्षा होती. त्याच सुमारास पिंपं पुन्हा चार बोटं कमी यायला लागली होती. मामाने संघाला सांगितलं, "उचल बंद." म्हणजे एजंटकडून कुणीच माल उचलायचा नाही, पूर्ण पिंप मिळेपर्यंत. पहिले तीन दिवस सगळ्यांना मजा वाटली. मग स्टोव्ह थंड पडले. बिल्डिंगीतल्या बायका डबे घेऊन खाली उभ्या राहायच्या आणि रिकाम्या परत जायच्या. आमच्या गावात जुन्या चुली पुन्हा सारवल्या गेल्या. खाडीतली तिवराची ओली लाकडं घरात आली, आणि सगळ्या गावाचे डोळे लाल झाले. आई फुंकणीने फुंकायची आणि बोलायची, "अध्यक्षाची भैन हाय मी. धुरात बसन्याचा पयला मान माझा." मामा दारातून जाताना ऐकायचा आणि मान खाली घालून हसायचा. पण त्याचं हसू कमी होत चाललेलं मला दिसत होतं. संघातले काहीजण आतून एजंटला मिळाले होते. हिराशेट उपाध्यक्ष होते. ते आता हसत बोलत नव्हते.

नवव्या की दहाव्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही बाजूंना समोर बसवलं. दुपारी मामा तिथून थेट पडवीत आला. मी पिंपाला टेकून नागरिकशास्त्र वाचत होतो. टोपी काढून त्याने घाम पुसला. चेहरा कसा होता ते सांगता येत नाही. थकलेला होता आणि हलकाही झाला होता.

"नारान, कागद काढ. राजीनामा लिवाचा हाय."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. खरंच पडलं, आणि मामीने ओट्यावरून विचारलं, काय झालं म्हणून.

"राजीनामा? मामा, का?"

"का म्हंजे? जल्मभर भांडत बसाचा का? साहेबासमोर ठरलाय. गावाच्या चुली किती दिस फुकाच्या?"

"पण तुमची काही चूक नसताना..."

"चूक कुनाची ता सोड. मोठ्या मानसानं येक पाऊल मागं घ्यावा. मी राजी हाय. उद्या सकाली द्याचा हाय, चांगला लिव. कॉलेजचा वाटला पायजे."

मला रडू येत होतं. मला वाटलं, साहेबांनी आणि एजंटने मिळून त्याला खाली उतरवलं, आणि हा माणूस गावाच्या चुली पेटाव्यात म्हणून उतरतोय. एवढं मोठं मन मी पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, कागद असा लिहायचा की वाचणाऱ्याची मान खाली जावी. संघाचं लेटरहेड घेतलं, आधी कच्चा लिहिला, मग खाडाखोड न करता पक्का. त्यातली वाक्यं मला आजही पाठ आहेत, परीक्षेतली उत्तरं गेली तरी ती जात नाहीत. "वाद मिटावा व सर्वांचे भले व्हावे या एकाच हेतूने मी अध्यक्षपदाचा राजीनामा राजीखुशीने देत आहे. तो मंजूर व्हावा, ही विनंती."

"वाच," मामा म्हणाला.

मी वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होता. "राजीखुशीने" आलं तसं त्याने मान हलवली.

"हां. ह्या चांगला घातलास, राजीखुशीनं. आनि मंजूर व्हावा, ह्या पन बरा केलास. त्यांनी मंजूर केल्याबिगर काय उपेग नाय." मग कागदाकडे वाकून, "अध्यक्षपदाचा, म्हंजे अध्यक्षाकडून, व्हय ना?"

मी म्हणालो, "हो."

हे "हो" मी कितीदा परत ऐकलं असेल. त्याने विचारलं होतं. मला ते शुद्धलेखनासारखं वाटलं, आणि मी घाईत हो म्हणालो. त्याने सही केली. सही करताना तो नेहमी जीभ दातांत धरायचा, तशी धरली. मग कागदावर फुंकर घातली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू हाय म्हनून बरा हाय."

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, म्हणून मी कचेरीत गेलो नाही. मामा एकटा गेला. संध्याकाळी परत आला आणि मला पेपरचं विचारलं. मी त्याला कचेरीचं विचारलं. म्हणाला, "दिला." एवढंच.

रविवारी संघाची सभा शाळेच्या वर्गात होती. मामा नेहमीसारखा खुर्चीत बसला. ही एक हाताची खुर्ची शाळेचीच, दुसरा हात केव्हाच गेलेला. समोर चटयांवर माणसं. मी भिंतीला टेकून उभा. मला आतून भरून आलं होतं. मला वाटत होतं की आज हा कागद वाचला जाईल, आणि सगळे उठून म्हणतील, नाही दादा, तुम्हीच पाहिजे. असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं.

हिराशेटनी कचेरीतून आलेलं पत्र वाचलं. अध्यक्षांचा राजीनामा मंजूर, पुढील व्यवहार उपाध्यक्षांनी पाहावा. खाली साहेबांची सही.

कुणी उठलं नाही. माणसं एकमेकांकडे बघत होती, काहीतरी ऐकण्यात चुकलं असावं तशी. मग कराव्याचा एक म्हातारा घासलेटवाला उभा राहिला.

"चांगादादा, ह्या काय? तू राजीनामा कराला गेल्तास ना? ह्या तर तू अध्यक्षपन सोडलास!"

मला तेव्हाही कळलं नाही. मी मनात म्हणालो, तेच तर. राजीनामा म्हणजे दुसरं काय?

"आमी म्हनलो, चार बोटाचा राजीनामा व्हनार, एजंट लिवून देनार, आपुन लिवून देनार..." म्हाताऱ्याचा आवाज चढत गेला. "ह्या कुनी लिवला? कुनी लिवला ह्या?"

सगळ्या वर्गाने मान वळवली. संघाचे कागद कोण लिहितं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी मामाकडे बघितलं. तो दचकलेला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, धक्क्याने माणूस असा दगड होतो.

"मी सांगितला ताच लिवलाय," मामा म्हणाला. "मलाच सोडाचा व्हता. दमलो आथा."

मग तो खुर्चीतून उठला, चटईवर म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि हिराशेटना म्हणाला, "बसा. खुर्ची जरा डाव्या अंगाला कलते, तेवढी संबाला."

घरी मी आईला विचारलं. तिची पाठ माझ्याकडे होती, ती मासे साफ करत होती.

"आई, राजीनामा म्हणजे काय?"

तिचे हात थांबले. "राजीनामा म्हंजे भांडन मिटवाचा कागद. दोगं राजी झालं की लिवतात. तुझ्या आजाचा न् करावंवाल्यांचा खाजनाच्या बांधावरनं झालेला, पेटीत पडलाय अजून. ता शेंबड्या पोराला ठावं हाय." मग ती हळूहळू वळली. तोपर्यंत बातमी तिच्यापर्यंत आली नव्हती. माझा चेहरा बघून आली.

"नारान्या," ती म्हणाली, "तू काय लिवलंस रं?"

मी पेटी उघडली. तळाशी तो कागद होता, तपकिरी, घड्यांवर फाटलेला. वरती मोडीत काहीतरी, आणि खाली बाळबोध अक्षरात: राजीनामा. आम्ही उभयतां आपसांत राजी होऊन लिहून देतों की... म्हणजे शब्द आमच्याच घरात होता. माझ्या अंथरुणापासून चार हातांवर. मी तो पेपरात वाचलेल्या मंत्र्यांच्या राजीनाम्यांवरून शिकलो, आणि जे घरच्या पेटीत होतं ते मला कुणी शिकवलं नाही. कारण घरातल्यांना वाटायचं, एवढं तर याला येतच असेल, कॉलेजात आहे.

आई मला मारेल असं वाटत होतं. तिने मारलं नाही. नुसती म्हणाली, "आमी पोराला शिकाया धाडला, आनि आमचीच बोली इसरून आला." त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

हिराशेटनी एजंटबरोबर तडजोड केली. त्यात लिहिलं होतं की वाहतुकीत चार बोटं घट धरावी. म्हणजे जे चोरीने व्हायचं ते आता कागदाने व्हायला लागलं. मे महिन्यात राज्याच्या कार्यकारिणीत दुसऱ्या कुणाला तरी घेतलं, कारण जो अध्यक्षच नाही त्याला कसं घेणार. करावं-दाराव्याचे लोक संघातून बाहेर पडले. वर्षा-दोन वर्षांत संघ म्हणजे हिराशेटच्या घरातलं लेटरहेड एवढंच उरलं. मामाने काठी टाकली नाही आणि कुठे नेलीही नाही. तो पुन्हा गाडी ओढायला लागला, घंटा वाजवत.

मी त्याला सांगायला चार-पाच वेळा गेलो असेन. मामा, चूक माझी होती, मला शब्द ठाऊक नव्हता. पडवीत जायचो, पिंपाला टेकून उभा राहायचो, तोंड उघडायचो. तो विचारायचा, "जेवलास?" किंवा "किती टक्के पडले?" आठवड्याभरातच तो पुन्हा एक कागद घेऊन आला. शेजाऱ्याला नळाच्या जोडणीसाठी अर्ज करायचा होता. "लिव," म्हणाला, जसं काहीच झालं नाही. माझा पेन चालेना. एकेक शब्द मी त्याला विचारून लिहिला. जोडणी म्हणजे जोडणीच ना, मंजुरी म्हणजे मंजुरीच ना. त्याने दोनदा उत्तर दिलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "येवढं भिऊन लिवशील तर नलाला पानी कसा येल?" मला वाटलं, त्याला कळलंच नाही की त्याचं सगळं माझ्यामुळे गेलं. त्याला वाटतंय साहेबांनी फसवलं. मी तसंच राहू दिलं. चार वर्षं राहू दिलं. हा माझा दुसरा गुन्हा, आणि तो अज्ञानाचाही नव्हता.

गेल्या महिन्यात आमच्या घरी गॅस आला. आई शेगडीपुढे उभी राहून बटण फिरवते आणि दरवेळी अर्धं पाऊल मागे सरते. नियम असा की गॅस आला की रेशनकार्डावर तसा शिक्का मारून घ्यायचा, मग घासलेट कमी मिळतं. त्यासाठी मंगळवारी मी कचेरीत गेलो. तिथे एक वयस्कर कारकून बसतात, साताऱ्याकडचे असावेत बोलण्यावरून. त्यांनी कार्ड उघडलं, गाव वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सारसोळे? ते काठीवाले चांगाशेट तुमच्यातले का?"

"मामा माझे."

"मग तो कॉलेजातला भाचा तो..." ते थांबले. शिक्का त्यांच्या हातातच राहिला. "तुम्हीच का हो तो कागद लिहिलेला?"

मी मान हलवली. त्यांनी मला बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतः उठून माझ्याजवळ आले.

"चांगाशेटनी मला बजावलेलं, कुठं बोलायचं नाही. नाही बोललो मी. पण पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय, आणि तुम्ही आपणहून समोर आलात. त्या दिवशी कागद मीच घेतला. वाचला, आणि त्यांना म्हटलं, शेटजी, यात तडजोड नाही, यात तुम्ही पद सोडताय. पोरानं घोळ केलाय. साहेब यायला अजून अर्धा तास आहे, बसा, मी दुसरा लिहून देतो. दहा मिनिटांचं काम. ते ऐकून एजंटची दोन माणसं होती ना इथं, ती लागली हसायला. हा यांचा कॉलेजवाला, म्हणाली. मिठागरावरच ठेवायचा होता, म्हणाली. मी कोरा कागद पुढं केलेला, पेन उघडलेलं. तुमच्या मामांनी माझ्या हातातनं तुमचा कागद परत घेतला. वाचता तर येत नव्हतं त्यांना, पण बघितला वरपासून खालपर्यंत. मग टेबलावर सरळ करून ठेवला, आणि त्या माणसांकडं बघून म्हणाले, 'माझा भाचा चुकत नाय. त्यानं लिवलाय ताच मला द्याचा व्हता. घ्या, मारा शिक्का.'"